सचोटी कुलूप कारखाना विरुद्ध किनारा गोदाम

३ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी अंघोळ उरकून देवापुढे हात जोडले, चष्मा पुसला आणि उत्तरपत्रिकांचा पहिला गठ्ठा सोडला. ‘पेपर तपासायला बसलात की जपाला?’ असं तुम्ही मागे आमच्या घरी सगळ्यांसमोर विचारलं होतंत, ते आठवून हसूही आलं. पण सवय काही सुटत नाही. गठ्ठ्यात कोणाचं तरी वर्ष बांधलेलं असतं. आपल्या हातून कोणाचं वाईट होऊ नये, इतकंच मागतो आणि पेन उघडतो.

तिसरा प्रश्न असा होता: एका व्यापाऱ्याने आपला माल दुसऱ्याच्या गोदामात सांभाळायला ठेवला, छप्पर गळलं, माल भिजला, तर भरपाई कोणी द्यायची? पहिल्याच मुलाने काय सुरेख लिहिलं होतं! समासात कलमाचा क्रमांक, मध्ये मुद्दे, आणि खाली पट्टीने दोन रेघा ओढून निवाड्याचं नाव: ‘सचोटी कुलूप कारखाना विरुद्ध किनारा गोदाम’. पुढे खंड आणि पानसुद्धा. न्यायालय म्हणालं, की दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्याने तो स्वतःच्या मालासारखा जपला पाहिजे. मी हा निवाडा कधी ऐकला नव्हता. मनात म्हटलं, बघा, आपण पन्नाशीला टेकलो आणि पोरं आपल्याला शिकवताहेत. आनंदाने पूर्ण गुण दिले.

दुपारपर्यंत हा कुलूप कारखाना जवळजवळ दर दुसऱ्या पत्रिकेत भेटू लागला. तोच खंड, तेच पान, त्याच दोन रेघा. त्या रेघा तुमच्या क्लासच्या, हे मी ओळखतो. आमच्या मनीने सुट्टीत कौतुकाने दाखवल्या होत्या. माझ्याकडची सगळी पुस्तकं उलटीपालटी केली, निवाडा काही सापडेना. माझंच वाचन कमी पडलं असणार. एवढ्या मुलांना ठाऊक आणि तपासणाऱ्याला नाही, ही लाजेची गोष्ट झाली. कृपा करून त्याचं वर्ष कळवा, किंवा प्रत असेल तर पाठवा. फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून हे पत्र.

मनी कशी आहे? मागच्या खेपेला ती परीक्षेला बसली होती, म्हणून मी नियमाप्रमाणे तपासणी घेतली नव्हती. यंदा पुन्हा घेतली. एप्रिलपासून ती वकिलांच्या कार्यालयात रुजू होणार, हे सांगताना तिच्या आईचा आवाज अजून कापतो. पोर तुमच्या छपराखाली राहून शिकली. हे तुमचे उपकार मी विसरणारा नाही.

आपला,
साडू

*

९ फेब्रुवारी

साडूभाऊ,
नमस्कार.

पत्र वाचून तुमच्या मेव्हणीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “भाऊजी अजून तसेच. पाणीसुद्धा गाळून, उकळून, वर देवाला विचारून पितात.”

अहो, कशाला डोंगर पोखरता? असेल कुठेतरी जुन्या खंडात. मी टिपणं काढली त्याला किती वर्षं झाली. शोधून कळवतो. तत्त्व बरोबर आहे ना? माल स्वतःच्या मालासारखा जपावा, यात खोटं काय आहे? मग नाव कुलुपाचं असो की किल्लीचं!

तुम्ही तपासणारे लोक एका पत्रिकेला किती वेळ देता, हे आम्हाला ठाऊक असतं. तुमच्यासारखा एखादाच वाचतो. बाकीचे नुसते बघतात. बघणाऱ्याला काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून मी मुलांना सांगतो, कलम समासात, निवाडा दोन रेघांवर. आमचा निकाल काही उगाच लागत नाही.

मनी मजेत. हल्ली क्लासमध्ये सरावाच्या पत्रिका तीच तपासते. पोरगी तयार झाली आहे, तुमच्यापेक्षा भरभर तपासते! आणि हो, माझं नमुना उत्तरांचं पुस्तक निघतंय. प्रस्तावना तुमची हवी. ‘ज्येष्ठ परीक्षक’ असं खाली छापू. नाही म्हणू नका.

तुमचा,
साडू

*

१६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुमची वाट न बघता मी कायद्याच्या ग्रंथालयात जाऊन आलो. ग्रंथपालबाईंनी शिडी लावून तो खंड काढून दिला. धूळ इतकी, की दोघेही शिंकत बसलो. तुमचा निवाडा ज्या पानावर आहे, ते पान त्या खंडात नाही. खंड त्याच्या पुष्कळ आधी संपतो. बाईंनी आधीचा खंड बघितला, नंतरचा बघितला, पक्षकारांच्या नावांची सूची बघितली. मग शिडीवरूनच म्हणाल्या, “सर, हा निवाडा झालेलाच नाही.” मला त्यांच्याकडे बघवेना. जणू मीच तो रचला होता.

साडूभाऊ, मला शिसारी आली आहे. मी रागावलो असतो तर बरं झालं असतं. राग जेवून झोपलं की उतरतो. पानात केस निघाल्यावर घास घशाशी अडकतो, तसं झालं आहे. आता गठ्ठा उघडला की त्या दोन रेघा बघूनच तो मिटून ठेवतो. किती सरळ रेघा आहेत! पट्टी धरून, जीभ दाताखाली दाबून ओढलेल्या.

तपासणी केंद्रावर माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसतात. त्यांना मी हळूच विचारलं, “हा कुलूप कारखाना तुमच्याकडेही येतोय का हो?”

“येतोय की! चांगला आहे.”

“वाचलाय तुम्ही?”

“वाचायचा कशाला? रेघ आहे ना खाली? मग एक गुण.” त्यांनी पान उलटलंसुद्धा. “तुम्ही नवे आहात का?”

मी नवा नाही. मी माझा गठ्ठा पुढे ओढला.

गावच्या शाळेत आमचे मास्तर सांगायचे, येत नसेल तर पाटी कोरी दाखव, रेघोट्या मारून आणू नकोस. कोऱ्या पाटीला त्यांनी कधी मारलं नाही. रेघोट्यांना मारलं. कलमाचा क्रमांक आठवत नसेल तर मुलाने लिहू नये. निवाड्याचं नाव आठवत नसेल तर ‘न्यायालयांनी असं मानलं आहे’ म्हणावं आणि कायदा साध्या शब्दांत सांगावा. मी अशा उत्तराला आजवर गुण देत आलो. उद्या हीच मुलं कोणाचा हिशोब, कोणाचं घर, कोणाची इस्टेट कागदावर मांडणार. तिथे न झालेला निवाडा लिहून दिला तर निस्तरायचं कोणी?

तुम्ही विचारता, तत्त्व खरं आहे ना? खऱ्या तत्त्वाखाली खोटा साक्षीदार उभा केलात, त्याचं काय? मुलं तुमच्याकडे आईबापांनी सांभाळायला दिलेली असतात. तुमच्याच त्या निवाड्याने मोजलं, तर छप्पर तुमचं गळलं आहे.

प्रस्तावना मी लिहिणार नाही. सोमवारी मुख्य परीक्षकांना भेटून सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवतो, कारण पाठीमागून बोलणं मला जमत नाही.

साडू

*

२२ फेब्रुवारी

अहो धर्मराज,

भेटलात का मुख्य परीक्षकांना? मग कळलंच असेल. मला तुमच्या आधी कळलं होतं, पण म्हटलं तुम्हाला चालत जाऊन ऐकू दे. परीक्षा मंडळाने गुणदानाची पुरवणी सूचना काढली आहे, तिच्यात माझा कुलूप कारखाना आहे! ‘या निवाड्याचा उल्लेख असल्यास एक गुण द्यावा.’ आता तो मंडळाने मान्य केला. आता तो आहे. तुमच्या ग्रंथपालबाईंना शिडीवरून उतरायला सांगा.

तुम्ही बोललात म्हणून मीही बोलतो. छप्पर गळलं म्हणता? याच छपराखाली तुमची मुलगी दोन वर्षं राहिली. तुमच्या मेव्हणीने तिला पोटच्या पोरीसारखं केलं. ते पत्र वाचून ती रात्रभर रडली. “भाऊजींनी असं लिहावं?” एवढंच म्हणत होती. बहिणी-बहिणींत दरी पाडून तुमच्या देवाला काय मिळणार आहे?

आणि एक सांगतो, नीट ऐका. पुढचं पाऊल टाकण्याआधी मनीशी बोला. मी काही म्हणणार नाही. तुम्ही बाप आहात. फक्त बोला.

साडू

*

२६ फेब्रुवारी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांची आणि माझी पत्रं चालू आहेत, हे तुला कळलंच असेल. मी मुख्य परीक्षकांकडे गेलो होतो. ते चहात बिस्किट बुडवत होते. मी खंड, पान, सूची, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, शेकडो मुलांनी लिहिलाय म्हणजे असणारच कुठेतरी. शेकडो मुलं एकच चूक कशी करतील?” मी म्हटलं, “एकाच क्लासला गेली तर करतील.” तेवढ्यात त्यांचं बिस्किट तुटून कपात पडलं. ते चमच्याने काढण्यात इतके गुंतले, की माझं पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. शेवटी म्हणाले, “सूचना निघाली आहे. आता मागे घेतली तर मंडळाचं हसं होईल. तुम्ही सज्जन आहात, गुण द्या आणि मोकळे व्हा.”

घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले.

मने, एका मुलाची पत्रिका माझ्यापुढे आहे. त्याने लिहिलंय, ‘निवाड्याचं नाव मला आठवत नाही, पण नियम असा आहे.’ आणि नियम इतका स्वच्छ मांडलाय, की शाळकरी मुलालाही कळावा. नव्या सूचनेप्रमाणे त्याला तो एक गुण देता येत नाही. ज्याने कुलूप कारखाना लिहिला, त्याला द्यायचा. हे माझ्या हाताने होत नाही. गठ्ठा तसाच पडून आहे.

काकांनी लिहिलंय, मनीशी बोला. काय बोलायचं, ते लिहिलं नाही. तू सांग. मी रागावणार नाही असं वचन देत नाही, पण पूर्ण वाचीन.

तुझा,
बाबा

*

४ मार्च

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी गच्चीवर जाऊन बसले. मावशी वर येऊन विचारून गेली, “काय गं, डोकं दुखतंय का?” मी हो म्हटलं.

आधी तुम्हाला तो निवाडा कुठून आला ते सांगते. क्लासची जी मोठी खोली आहे ना, तिला रस्त्याच्या बाजूला खिडकी आहे. समोर दोन दुकानं आहेत. एकाची पाटी ‘सचोटी कुलूप कारखाना’, दुसऱ्याची ‘किनारा गोदाम’. खालीच टेलिफोन नंबर आहेत, खंड आणि पान त्यांतूनच आले. काका शिकवताना अडकले, खरा निवाडा आठवेना, समोर दीडशे मुलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि सांगून टाकला. आम्ही मागच्या बाकावरचे हसलो होतो. काकाही डोळा मिचकावून हसले. नंतर तो टिपणांत छापून आला, तेव्हा कोणी हसलं नाही. नव्या मुलांना तर माहीतच नाही. ती रोज त्या पाट्यांखालून येतात आणि कोणी वर बघत नाही.

बाबा, मला माहीत होतं. आणि तरी परीक्षेत मी तो लिहिला. दोन रेघांसकट. त्या प्रश्नाला माझा खरा निवाडा आठवत नव्हता. कोऱ्या जागेकडे बघवेना, म्हणून लिहिला. कायद्याच्या त्या पेपरात मी काठावर पास झाले आहे. अगदी काठावर. तो एक गुण काढला तर मी नापास. मग वकिलांचं कार्यालयही नाही. काकांना हे ठाऊक आहे, कारण निकाल लागल्यावर मीच त्यांना हसत हसत सांगितलं होतं, ‘कुलपाने वाचवलं.’ तुम्हाला पेढ्यांच्या गडबडीत सांगितलं नाही. खरं म्हणजे गडबड नव्हती.

आणखी एक. सरावाच्या पत्रिका मी तपासते. गेल्या महिन्यात एका मुलीने तुमच्या त्या मुलासारखंच लिहिलं होतं, नाव न घेता, साधं आणि बरोबर. मी लाल पेनने समासात लिहिलं, ‘निवाडा कुठे?’ पुढच्या वेळी तिने तो लिहून आणला. मी शाबास म्हटलं. तुमच्या पत्रात हात धुतल्याचं वाचलं आणि मला ती मुलगी आठवली. तिचा चेहरा किती खुलला होता!

तुम्ही काय करणार, ते मी विचारत नाही. करू नका असंही म्हणत नाही, कारण म्हणावंसं फार वाटतंय. फक्त जे कराल ते मला तुमच्याकडून कळू दे, काकांकडून नको.

तुमची,
मनी

*

१९ मार्च

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागावलो. दुसऱ्या दिवशी राग नव्हता, पण जे होतं ते त्याहून वाईट होतं. इतके दिवस ती घाण मी लोकांच्या अंगणात बघत होतो, नाक मुरडत होतो, आणि ती माझ्याच उंबऱ्यावरून आत आली होती. सकाळी देवापुढे उभा राहिलो तर मागायला तोंड नव्हतं. ‘कोणाचं वाईट होऊ नये’ म्हणायचं, तर त्या ‘कोणा’त तू होतीस.

मग मन पळवाटा शोधू लागलं. तक्रार करावी, पण फक्त या खेपेची. मागच्या खेपेचं कशाला उकरायचं? ती पत्रिका मी थोडीच तपासली होती! युक्तिवाद छान होता. दोन दिवस तो मला पटलासुद्धा. तिसऱ्या दिवशी त्या नाव न आठवणाऱ्या मुलाची पत्रिका पुन्हा उघडली आणि मला माझ्याच युक्तिवादाची किळस आली. मागच्या खेपेला असा एखादा मुलगा असेलच की. तू काठाच्या आत पडलीस आणि तो बाहेर.

तुझ्या आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भांडी मात्र फार वाजली. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो, तेव्हा चहा ठेवत म्हणाली, “माझी एकच बहीण आहे.”

मी म्हटलं, “माहीत आहे.”

“आणि एकच मुलगी.”

“तेही माहीत आहे.”

तिने कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, “लिहिणारच असाल तर अक्षर नीट काढा. मागच्या वेळी बँकेने तुमचा अर्ज परत पाठवला होता.”

गठ्ठा मी परत केला. कुलूप कारखान्याला कुठेही गुण दिला नाही. ज्यांनी नियम साध्या शब्दांत बरोबर लिहिला, त्यांना दिला. पहिल्या दिवशीच्या त्या पहिल्या पत्रिकेतला, मी आनंदाने दिलेला गुण खोडला आणि खोडल्याची सही केली. यापुढे मंडळ मला तपासायला बोलावणार नाही, हे मुख्य परीक्षकांच्या नमस्कारावरूनच कळलं. त्यांनी हात जोडले ते दार दाखवल्यासारखे.

रविवारी मी तुला न्यायला येतोय. मावशीच्या पाया पड. काकांशी भांडू नकोस. भांडायचं ते माझं आहे. त्यांनी काल दोन ओळी पाठवल्या आहेत: ‘तुमच्या मुलीला आता तुमचाच निवाडा पुरा पडू दे.’ मी उत्तर दिलेलं नाही. पुस्तकं बांधून ठेव. त्या मुलीला भेटता आलं तर भेट आणि तिला सांग, की तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं. पुन्हा परीक्षेला बसायची वेळ आली तर घरी बसून अभ्यास कर. ज्याचा क्रमांक आठवत नाही, त्याची जागा कोरी ठेवायला मी तुला शिकवीन. ते मी आधीच शिकवायला हवं होतं, परक्याच्या घरी पाठवण्याआधी.

आज सकाळी मंडळाच्या कार्यालयात गेलो. तक्रार घेणारा कारकून तरुण आहे, बोलका आहे. अर्जासोबत मी ग्रंथपालबाईंचं पत्र जोडलं होतं आणि त्या दोन पाट्यांविषयी तू लिहिलंस ते उतरवलं होतं. त्याने वाचलं आणि तो खो खो हसला. “म्हणजे समोर हजामत होत असती तर न्हाव्याचा निवाडा झाला असता!” मग रजिस्टर पुढे ओढून म्हणाला, “तक्रार कोणाविरुद्ध? नाव एकच मावतं.”

“दोन ओळी करा. पहिल्या ओळीत क्लास लिहा.”

“आणि दुसऱ्या?”

“मागच्या खेपेची एक पत्रिका. तिथून फेरतपासणी सुरू करावी, असं अर्जात म्हटलंय.”

“ही कोण?” अर्जातल्या नावावर बोट ठेवून त्याने विचारलं.

“माझी मुलगी.”

त्याने पेन खाली ठेवलं. हसू गेलं होतं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, “काका, घरी जा. पाणी प्या. उद्या या.”

“उद्याही ती माझीच मुलगी असेल, बाळा. लिही.”

त्याने दुसऱ्या ओळीत तुझा बैठक क्रमांक लिहिला. मी चष्मा पुसून तुझ्या निकालपत्राशी एकेक आकडा ताडून पाहिला. बरोबर होता. मग त्याच्यासमोर सही केली.

तुझा,
बाबा